जेवून आलो म्हणण्याची सवय

थोरली नात सात वर्षांची असताना एकदा शेजारी वही परत द्यायला गेली. त्यांच्याकडे पुऱ्या तळणं चालू होतं. शेजारीणबाई म्हणाल्या, "ये वं बाई, गरम आहे, दोन खाऊन जा." थोरली दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मी जेवून आली, काकू." दुसऱ्या दिवशी शेजारीणबाईंनी हे मला हसत हसत सांगितलं. "तुमची नात लय मानी आहे, मॅडम. डोळे सारे कढईत, आन् म्हणते जेवून आली!" खरं तर ती जेवली नव्हती. आमचा भात अजून गॅसवर होता. घरी येऊन ती दोनदा भात घेऊन जेवली होती, आणि का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. शेजारणीचं ऐकल्यावर मी तिला जवळ घेतलं आणि "शाबास" म्हटलं.

ती शाबासकी मला परत घ्यायची आहे, म्हणून हे लिहायला बसले. थोरलीचं इंग्लंडमधलं शिक्षण संपत आलं आहे आणि धाकट्या नातवाला आता त्याहून लांबच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तो जाण्याआधी हे कागदावर असलेलं बरं. थोरलीला विचारलं, तर म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको टाकू." म्हणून कोणाचंच टाकत नाही.

नियम माझ्या वडिलांचा. आमचं गाव चामोर्शीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. वडिलांच्या लहानपणी आमच्या लोकांनी गावाची हलकी कामं करायची आणि त्याबदल्यात दारोदार जाऊन उरलेलं अन्न आणायचं अशी रीत होती. देणारा ते वरून टोपल्यात टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वडिलांनी आणि त्यांच्या वयाच्या माणसांनी ते बंद केलं. त्यानंतरची काही वर्षं घरात कशी गेली असतील ते मला आता समजतं. तेव्हा मी लहान होते. एवढं आठवतं की वडील आम्हा भावंडांना ओळीत बसवून सांगायचे, "भूक लागली तं घरी सांगा. दुसऱ्याच्या दारात तुमचं पोट भरलेलं असलं पायजे."

आम्ही कुठेही गेलो की बसण्याआधीच सांगत असू, जेवून आलो. पुढे मी इंग्रजीची शिक्षिका झाले, राजुऱ्याला तीस वर्षं शिकवलं. नियम शिकवण्याची सवय अंगात मुरली होती, त्यामुळे हाही मी मुलाला शिकवला आणि मग नातवंडांना. सोबत त्याची गोष्टही सांगत असे. माझ्या वडिलांनी टोपलं कसं मोडलं, आणि मी नागपूरला वसतिगृहात राहून शिकले तेव्हा किती अडचण आली तरी कोणापुढे हात कसा पसरला नाही. थोरलीला ती गोष्ट फार आवडायची. मुलगा आणि सून नोकरीसाठी नागपुरात, धाकटा त्यांच्याजवळ, आणि थोरली दहावीपर्यंत माझ्याकडे. रात्री निजताना ती म्हणायची, "आजी, हॉस्टेलची सांग." मी सांगायची. पण मी अर्धीच सांगत होते.

ती शिकायला बाहेर गेली तेव्हापासून माझं घर फार नीटनेटकं राहतं. हे काही सुख नाही. ती असताना लाखोळीच्या डाळीच्या डब्याचं झाकण कधी जागेवर नसायचं, ओट्यावर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पानं पसरलेली असायची, आणि एका मुलीला पाणी प्यायला चार पेले का लागतात याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही. आता प्रत्येक पेला जाळीत उलटा असतो. थंडीत बाजारात तरोट्याची भाजी नसते, तरी मी भाजीवालीला विचारते. ती म्हणते, "मॅडम, तरोटा आता कुठी? पावसाळ्यात." मलाही ते ठाऊक आहे. पण विचारलं की ती पुढे म्हणते, "नात आली का?" आणि मला थोरलीबद्दल दोन वाक्यं बोलायला मिळतात.

रविवारी आम्ही फोनवर भेटत असू. माझे संध्याकाळचे सहा, तिची दुपारच्या जेवणाची वेळ. माझा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"जेवली का?"

"होवं आजी. भात, वरण, भाजी."

"दाखव."

ती मग ताटाचा फोटो पाठवायची. पांढरी ताटली, मधोमध भात, वाटीत वरण, वर सांभार. मी तो मोठा करून पाहायची. पडद्यावरच्या भाताची वाफ लागत नाही, तरी मी चष्मा पुसून घ्यायची.

तिसऱ्या की चौथ्या फोटोवर माझी नजर अडली. वरणावर सांभाराचं एक पान उलटं पडलं होतं, देठ डावीकडे. मी आधीच्या रविवारचा फोटो काढला. तेच पान, तसंच उलटं, देठ डावीकडे. त्याच्या आधीचाही तोच. तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलांची एकच चूक मी झोपेतही ओळखीन. पण त्या पकडण्यात नेहमी थोडा आनंद असायचा. या वेळी नव्हता.

पुढच्या रविवारी मी काही न बोलता तिला तीनही फोटो पाठवले आणि फोन लावला.

तिने तीनही फोटो पाहिले. मग हसली. "तू आजी आहेस का सीआयडी?"

"खोटं काऊन बोलून राह्यली?"

"खोटं नाई वं. ते जेवण खरंच केलं होतं. एकदा."

"आन् आज?"

"आज सकाळी टोस्ट खाल्ला."

"काल?"

ती खिडकीकडे पाहू लागली. गालाचं हाड मला तेव्हा दिसलं. इतके रविवार मी ताट पाहत होते, तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मग हळूहळू तिने सांगितलं. खोलीचं भाडं मध्येच वाढलं होतं. ज्या दुकानात ती आठवड्यातले काही तास काम करायची तिथे सणानंतर गर्दी ओसरली आणि तिचे तास कमी झाले. बाहेरच्या विद्यार्थ्यांना कामाचे तास मोजूनमापूनच मिळतात, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. भाडं थांबवता येत नाही, बस थांबवता येत नाही. थांबवता येतं ते एक जेवणच. आधी तिने सकाळचं थांबवलं, मग दुपारचं. आई-बाबांना सांगायचं नव्हतं, कारण त्यांनी आधीच डोक्यावर कर्ज घेतलं होतं.

"मी एकटी नाई आजी," ती म्हणाली, जणू त्याने मला बरं वाटेल. "आमच्या स्वयंपाकघरात सहा जण आहेत. सारे बाहेरचे. कोणी कोणाच्या वेळेला येत नाई. आपण काय खाऊन नाई राह्यलो, हे दुसऱ्याले दिसू नये म्हणून. नेपाळची एक आहे, ती म्हणते माझा उपास आहे. आठवड्यात चार उपास!" ती पुन्हा हसली. "आन् मी कुपोषणावर निबंध लिहून राह्यली. गडचिरोलीच्या लेकरांवर. सरांनी चांगले मार्क देल्ले."

"दुपारी सारे जेवतात तेव्हा तू कुठी असते?"

"लायब्ररीत. डबा घेऊन जाते."

"डब्यात काय असते?"

"काई नाई. पण डबा हातात असला की कोणी विचारत नाई."

पुढे तिनेच सांगितलं की विद्यापीठात एक खोली आहे, विद्यार्थ्यांच्या संघटनेने चालवलेली. तिथे डाळी, डबे, भाज्या, पाव ठेवलेले असतात. कोणीही विद्यार्थी पिशवी भरून नेऊ शकतो, कोणी काही विचारत नाही. दोनदा ती त्या दारापर्यंत गेली आणि परत आली.

"काऊन?"

"दुकानातलं उरलेलं असते ते, आजी. तारीख संपत आलेलं." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तूच सांगतलं ना. उरलेलं घ्याले आपण जात नाई."

फोन ठेवल्यावर मी उठले आणि डबे काढायला लागले. विचार असा काही नव्हता. लाखोळीची डाळ, भाजलेले शेंगदाणे, तिखट, लोणचं, वाळवलेले वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, आणि तिला आवडतात म्हणून सुकट झिंगे. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावली, आत काय आणि कसं शिजवायचं. दुसऱ्या दिवशी पार्सल घेऊन कुरिअरच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने पिशवी नाकाजवळ नेली आणि लगेच दूर धरली.

"बाई, हे झिंगे नाई जात. विमान परत आणतील तुमच्या घरी."

"बाकीचं?"

"बाकीचं जाईन. पण मी सांगतो ते खरं, पोहोचाले वेळ लागते. कधी पंधरा दिवस, कधी महिना. काई घाई हाये का?"

मी "नाही, घाई नाही" म्हणाले. आजवर इतकं सहज खोटं मी बोलले नव्हते. मग वाटलं, बोलले होते. अगदी याच विषयावर, अनेकदा बोलले होते. पार्सल तिथेच ठेवून मी घरी आले आणि दुपारभर बसून राहिले, कारण वसतिगृहाची राहिलेली अर्धी गोष्ट मला आता थोरलीला सांगावी लागणार होती.

ती अशी.

नागपूरच्या आमच्या वसतिगृहात प्रत्येक मुलीने वर्षाचे तांदूळ घरून आणायचे, तेव्हाच तिचं नाव जेवणाच्या यादीत. माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, वेळेवर झाला नाही. पाणी आलं ते उशिरा आणि मग थांबेना. वडिलांनी पत्र लिहिलं की तांदूळ दिवाळीनंतर. मी मैत्रिणींना सांगितलं, शहरात माझी मावशी राहते, मी तिच्याकडे जेवते. मावशी नव्हती. जेवणाची घंटा झाली की मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन शब्दकोश वाचायची. माझं इंग्रजी कुठून पक्कं झालं असं लोक विचारतात, तेव्हा मी शाळेतल्या गुरुजींचं नाव सांगते. ते पूर्ण खरं नाही.

वसतिगृहात एक स्वयंपाकीणबाई होती. विधवा, वयाने माझ्या आईएवढी. तिने पाच-सहा दिवस पाहिलं आणि मला मोरीजवळ गाठलं. "तुझी मावशी तुले जेवाले देत नाई का वं, नुसतं पाणी पाजते?" मी म्हटलं, "देते ना." ती म्हणाली, "मावशीकडून जेवून आलेली पोरगी तीन लोटे पाणी पेत नाई. चल." सगळ्या मुलींचं झाल्यावर ती स्वतः जेवायची. त्या दिवसापासून तिने मला समोर बसवलं.

मी रोज मनात म्हणायची, आज शेवटचं. रोज खायची. वडिलांचा नियम मोडते आहे याची लाज एका घासाला वाटायची, आणि दुसरा घास तोंडात असायचा.

दिवाळीच्या आधीच एका दुपारी वडील अचानक आले. खांद्यावर लहानसं गाठोडं, उसने मिळालेले तांदूळ. रखवालदाराने त्यांना मागच्या दाराने पाठवलं आणि ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे. सगळ्यांची ताटं उठलेली, भांडी घासायला पडलेली, आणि मी जमिनीवर बसून खात होते. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकणार नाही.

ते माझ्याशी बोलले नाहीत. स्वयंपाकीणबाईला म्हणाले, "बाई, हे उरलेलं होय का?"

तिने मान वर केली. "उरलेलं कशाचं भाऊ? हे माझं जेवण आहे. अर्धं मी, अर्धं ही. मी बी आताच बसून राह्यली, दिसत नाई का तुमाले?" आणि तिसरं ताट पुढे सरकवत म्हणाली, "उभे नोका राहू. बसा. आता तिघांत कमी पडन, पण बसा."

वडिलांनी तिच्या ताटाकडे पाहिलं, माझ्या ताटाकडे पाहिलं. दोन्हीत सारखंच होतं, भात आणि पातळ वरण, आणि मिठाचा एक खडा. मग त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, हात धुतले आणि आमच्या मध्ये बसले. मी त्यांना परक्या घरी जेवताना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ते हळूहळू जेवले, तिच्याशी धानाबद्दल बोलले, पाऊस कसा चुकला ते सांगितलं.

फाटकापर्यंत मी सोबत गेले. मी रडत होते. ते म्हणाले, "फेकलेलं खायचं नाई म्हटलं होतं मी. कोणी संग बसवून तेच खाऊन राह्यलं, तं उठून जायचं असं कधी म्हटलं?" थोडं चालून गेले आणि मागे वळले. "आन् घरी काऊन नाई सांगतलं? पयलं वाक्य तेच होतं ना, घरी सांगा."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. वडिलांचा नियम सांगताना पहिलं वाक्य गाळून दुसरं सांगत आले, कारण पहिल्यात मी उपाशी दिसत होते.

मी रविवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी थोरलीला फोन केला आणि सगळं सांगितलं, मावशी नव्हती तिथपासून. तिने पूर्ण ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "तू पण लायब्ररीत?"

"मी पण."

"आजी, तू किती खोटी आहेस वं."

"हो."

दोघीही हसलो आणि मग दोघींनाही नीट हसता येईना. मी म्हटलं, "बाबांना मी सांगू का तू सांगते?" ती म्हणाली, "मी सांगते." मग मी म्हटलं, "आता माझं ऐक. त्या खोलीत जा. घेऊ नको काही. फक्त पाहून ये. देणारे कोण आहेत, आन् ते स्वतः काय खातात."

"हे होमवर्क आहे का?"

"होमवर्कच समज. उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरल्या वेळी फोन वाजला नाही. मी दोनदा आवाज वाढवून पाहिला. वरण कोमट झालं, मग गार झालं. थोरलीच्या मनाविरुद्ध मी तिला दारात उभं केलं की काय, आणि ती तिसऱ्यांदाही परत फिरली की काय, असं मनात येत राहिलं. नंतर तिचा संदेश आला, "गेली होती. उद्या सांगते, आता क्लास आहे." तो संदेश मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

तिने सांगितलं ते असं. टेबलामागे एक मुलगी होती, नायजेरियाची, पीएचडी करणारी, उंच आणि मोठ्याने बोलणारी. थोरली नुसती उभी राहिलेली पाहून ती म्हणाली, पहिल्या दिवशी मीही अशीच भिंत वाचत उभी होते. टेबलाखाली तिची स्वतःची पिशवी होती. थोरलीने वाकून पाहिलं, मी सांगितलं होतं म्हणून. त्यातही तेच होतं, टेबलावर होतं ते. कोबी, पाव, चण्यांचा डबा. त्या मुलीने विचारलं, काय पाहतेस? थोरलीने खरं ते सांगून टाकलं, माझी आजी म्हणाली पाहून ये. ती इतकी हसली की रांगेतले दोघे वळले. मग म्हणाली, आजीला सांग, मसूर मीही नेते, पण मला तो नीट शिजवता येत नाही, दरवेळी खळ होते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी म्हटलं, मी शिकवते."

त्या रविवारी सहा वाजता मी फोनसमोर बसले होते. तिने उचलला, पण मोबाईल कुठेतरी भिंतीला टेकवून ठेवलेला होता, त्यामुळे मला फक्त पातेल्याची कड आणि तिची कोपरं दिसत होती. मागे बरेच आवाज होते. कोणीतरी डबा उघडत होतं, कोणीतरी इंग्रजीत विचारत होतं की लसूण आधी की नंतर. नेपाळची मुलगीही आली होती, तिचा त्या दिवशी उपास नव्हता. थोरली सगळ्यांना हुकूम सोडत होती. तिचा आवाज माझ्यासारखा येतो हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

मी विचारायचं ते विचारलं नाही. म्हटलं, "मिठाचं पाहून घे."

"पाहिलं, आजी."

"कोबी फार शिजवू नको."

"नाई शिजवत." मग तिचा चेहरा एकदम पडद्यावर आला, घामेजलेला, केस कानामागे. "आजी, आज फोन ठेवते हां. सारे बसले आहेत, मले वाढाचं आहे."

एरवी रविवारी मीच फोन ठेवत असे, आणि तेही ती तीनदा "अजून थोडं" म्हणाल्यावर. आज मला तिला थोडं थांबवायचं होतं. तिथे कोण कुठे बसलं ते पाहायचं होतं, पहिला घास कोणी घेतला ते पाहायचं होतं. तिचं ताट कोण वाढणार हेही विचारायचं होतं.

"जा," मी म्हटलं. "गार होऊन राह्यलं असन."